वृद्धांच्या मेंदूतील घड्याळ आणि उजेड-अंधाराचा मेळ

पुणे-सोलापूर महामार्गावरील भिगवण हे गाव आज राज्यभर ओळखले जाते ते पक्ष्यांमुळे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, त्याच्या यशवंतसागर जलाशयाचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर मागे पसरले आणि कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी या परिसरातील उथळ, चिखलट काठांवर देशोदेशीचे पाहुणे उतरू लागले. रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यासाठी हिवाळ्यात भल्या पहाटे येथून नावा निघतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही या पाण्यावर हिवाळा काढतात आणि उन्हाळ्याची चाहूल लागली की उत्तरेकडे परततात. त्यांच्याजवळ पंचांग नसते आणि भिंतीवरचे घड्याळही नसते. दिवस किती लांबला आणि रात्र किती आखडली याची नोंद त्यांचा मेंदू ठेवीत असतो व प्रवासाची तयारी त्या नोंदीवरून सुरू होते.

उजेडावरून काळ ओळखण्याची ही सोय निसर्गाने माणसालाही दिलेली आहे. झोप केव्हा यावी, भूक केव्हा लागावी, शरीराचे तापमान केव्हा चढावे व केव्हा उतरावे, हे सारे एका अंतर्गत घड्याळाच्या तालावर चालते. तरुणपणी हे घड्याळ इतके बिनबोभाट चालते की त्याची आठवणही होत नाही. वार्धक्यात ते सैल पडू लागते. आणि स्मृतिभ्रंश, कंपवात यांसारख्या, मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणाऱ्या व्याधींमध्ये तर ते कित्येकदा पार विस्कटून जाते. या बिघाडात उजेडाचा वाटा किती, आणि ज्या तालुक्यांत वर्षाचे आठ महिने लख्ख ऊन असते तेथील कुटुंबांना त्या उजेडाचा उपयोग करून घेता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दिवेलागणीची अस्वस्थता

इंदापूर किंवा बारामती तालुक्यातील कोणत्याही गावी पुढील चित्र अपरिचित वाटणार नाही. पंचाहत्तरीच्या पुढचे एक आजोबा. दिवसभर आतल्या खोलीत खाटेवर पडून असतात, डुलक्या घेतात, जेवणापुरते उठतात. दुपारपर्यंत घरात शांतता असते. तिन्हीसांज झाली की मात्र त्यांच्यात बदल होतो. ‘गुरं बांधायची राहिली’ म्हणून ते उठू पाहतात. गुरे विकून दहा वर्षे झालेली असतात. स्वतःच्या घरात बसून ‘मला घरी न्या’ असा हट्ट धरतात. सुनेला ओळखत नाहीत, मुलावर खेकसतात. रात्री दोन वाजता दाराची कडी वाजते आणि सगळे घर जागे होते. पहाटे कुठे त्यांचा डोळा लागतो, तेव्हा सुनेची खुरपणीला निघण्याची वेळ झालेली असते.

आपल्याकडे याला ‘म्हातारचळ’ म्हणतात आणि तेथेच विषय संपवितात. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही तयार असतेच. परंतु हा वयाचा धर्म नाही, हा आजार आहे. देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेला एक राष्ट्रीय अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या वयोगटातील शंभरांपैकी सात ते आठ जणांना (७.४ टक्के) स्मृतिभ्रंश असून देशातील अशा रुग्णांची संख्या सुमारे ८८ लाख आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. सायंकाळी वाढणाऱ्या अस्वस्थतेचे वर्णन जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आहे. पाश्चात्त्य देशांत अशा रुग्णाला वृद्धगृहात ठेवण्याची वेळ कुटुंबावर येते, तेव्हा विसरभोळेपणापेक्षाही रात्रीचे जागरण हे त्याचे एक मोठे कारण असते. आपल्या खेड्यांत असे गृह नाही. त्यामुळे जागरणाचा सगळा भार घरातील कोणा एकावर, बहुधा एकीवर, येऊन पडतो. रुग्णाची झोप हा म्हणूनच दोन माणसांच्या आरोग्याचा प्रश्न ठरतो.

चिंचेच्या पानापासून मेंदूपर्यंत

सजीवांच्या या घड्याळाचा शोध मोठा मनोरंजक आहे. शिकंदराच्या मोहिमेतील अँड्रोस्थेनिस नावाच्या अधिकाऱ्याने इराणच्या आखातातील एका बेटावर चिंचेची पाने रात्री मिटतात व दिवसा उघडतात, असे टिपून ठेवले होते. चिंचेखाली खेळून वाढलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे पाहिले आहे, पण त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटले नाही. १७२९ साली फ्रान्समधील द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप काळोख्या जागी ठेवून दिले. तेथे सूर्य नव्हता, तरीही पाने ठरल्या वेळी उघडत व मिटत राहिली. याचा अर्थ, पानांची हालचाल केवळ बाहेरच्या उजेडाला दिलेले उत्तर नव्हती. वनस्पतीच्या आतच काही तरी वेळ मोजीत होते.

त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का व सेमूर बेन्झर यांनी फळमाशीत या घड्याळाशी संबंधित पहिले जनुक शोधून काढले. त्याच धाग्याचा पुढे माग काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या शास्त्राचे काम दूरदेशीच झाले असे मात्र नाही. भिगवणपासून फार लांब नसलेल्या अहमदनगर महाविद्यालयाच्या (शहराचे नाव आता अहिल्यानगर) प्राणिशास्त्र विभागात फळमाश्या आणि गुहेत राहणारी वटवाघळे यांच्या दैनिक तालावर झालेले संशोधन आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले आहे. बारीकशी माशी आणि अंधारातले वटवाघूळ यांचा आपल्या आजोबांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की घड्याळाची मूळ रचना या सर्वांमध्ये आश्चर्यकारकरीत्या सारखी आहे.

माणसाच्या मेंदूत हे मुख्य घड्याळ दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडे वर असते. काही हजार पेशींचा तो एक लहानसा पुंजका आहे; १९७२ साली दोन स्वतंत्र संशोधक गटांनी त्याचे कार्य दाखवून दिले. हे घड्याळ अगदी चोवीस तासांचे नाही. सरासरीने ते चोवीस तासांहून काही मिनिटे अधिक घेते, म्हणजे स्वतःवर सोडले तर रोज थोडे मागे पडते. पूर्वी घरातल्या लंबकाच्या घड्याळाला किल्ली देऊन काटे जुळवून घ्यावे लागत, तसे हे घड्याळही रोज जुळवावे लागते आणि ते काम प्रामुख्याने सकाळचा उजेड करतो.

उजेडाचा हा निरोप डोळ्यांतूनच जातो, पण ज्या पेशींनी आपण वस्तू पाहतो त्यांच्यावर तो मुख्यत्वे अवलंबून नसतो. डोळ्याच्या पडद्यात फार थोड्या, अशा काही निराळ्या पेशी आहेत, ज्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचे प्रकाशग्राही द्रव्य असते. त्यांचे कार्य २००२ च्या सुमारास उलगडले. निळसर प्रकाशाला, म्हणजे मोकळ्या आकाशातून येणाऱ्या उजेडाला, त्या विशेष प्रतिसाद देतात आणि बाहेर दिवस आहे एवढीच बातमी घड्याळाला पोहोचवितात. उलटपक्षी अंधार पडला की मेंदूतील एका ग्रंथीतून मेलॅटोनिन हे द्रव्य स्रवू लागते आणि शरीराला रात्रीची सूचना मिळते. १९५८ साली हे द्रव्य ओळखले गेले. प्रखर दिव्याने माणसातील त्याचा स्राव दबतो, हे १९८० मध्ये सिद्ध झाले.

आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले होते की काय, असा एक विचार कलाशाखेच्या माणसाच्या मनात येऊन जातो. झुंजुमुंजू, तांबडे फुटणे, दिवस कासराभर वर येणे, कलती दुपार, तिन्हीसांज, दिवेलागण, निजानीज – घड्याळ नसलेल्या माणसांनी दिवसाचे भाग पाडले ते उजेडावरून. आज त्यांतले कित्येक शब्द नातवंडांना सांगावे लागतात.

रोगात काय बिघडते

अ‍ॅम्स्टरडॅम येथील डिक स्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचा अभ्यास करून १९८५ साली असे दाखवून दिले की ऐंशी वर्षांपुढील व्यक्तींमध्ये घड्याळाच्या पेशीपुंजातील पेशींची संख्या घटलेली असते आणि अल्झायमर रोगात ही घट अधिक तीव्र असते. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे २०१६ मध्ये इटलीतील संशोधकांना असे आढळले की या रोगात डोळ्याच्या पडद्यातील मेलॅनोप्सिनच्या पेशीही कमी होतात. म्हणजे घड्याळ झिजते, आणि त्याला वेळ सांगणारी खिडकीही अंधूक होते.

त्यातच वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते, पुढे मोतीबिंदू धरतो आणि नेमका निळसर उजेडच अडविला जातो. वृद्ध माणूस आतल्या खोलीत बसला असेल तर त्याच्या घड्याळापर्यंत पोहोचणारा उजेड किती उरत असेल, याची कल्पना करता येईल.

कंपवाताची गोष्ट थोडी वेगळी आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेल्या या रोगात मेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. हातांचा कंप व हालचालींचा मंदपणा ही त्याची सर्वांना दिसणारी लक्षणे. मुंबईच्या पारशी समाजात झालेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दर लाखामागे ३२८ जणांना हा रोग आढळला होता. वृद्धांचे प्रमाण अधिक असलेल्या समाजात हा आकडा कसा वाढतो, याचे ते बोलके उदाहरण आहे. परंतु कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून या रुग्णांची झोप बिघडलेली असू शकते. काही जण स्वप्नात जे चालले असेल ते प्रत्यक्ष करू लागतात. हातपाय झाडतात, ओरडतात, शेजारी झोपलेल्याला ठोसाही बसतो. हा विकार १९८६ साली अमेरिकेत नोंदला गेला आणि तो असणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे कंपवात किंवा त्याच्या जातीचा आजार होतो, हे दीर्घकाळच्या पाठपुराव्याने कळून आले. ‘भुताटकी’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून ज्याच्यावर अंगारे लावले जातात, त्या रात्रीच्या ओरडण्यामागे हे कारण असू शकते. अशा व्यक्तीला मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेणे अगत्याचे आहे.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. रोगामुळे झोप बिघडते की बिघडलेल्या झोपेमुळे रोग बळावतो? दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. अल्झायमर रोगात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचे प्रमाण जागेपणी वाढते व झोपेत उतरते, असे अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून २००९ साली दिसले. झोपेत मेंदूतील द्रव अधिक वाहून कचरा धुतला जातो, असे २०१३ च्या एका प्रयोगाने सुचविले. त्यावर नंतरच्या संशोधकांनी शंकाही घेतल्या आहेत. स्मरणशक्ती शाबूत असलेल्या, पण मेंदूत अमायलॉइड साचू लागलेल्या व्यक्तींचे दिवसरात्रीचे चक्र तुटक झालेले असते, असेही २०१८ मध्ये सेंट लुईस येथे आढळले. या सर्वांवरून दुष्टचक्राचे चित्र उभे राहते. मात्र ‘नीट झोपलात तर स्मृतिभ्रंश होणार नाही’ असे आश्वासन आज कोणताही जबाबदार डॉक्टर देणार नाही, आणि वाचकांनीही ते कोणाकडून विकत घेऊ नये.

नेदरलँड्समधील दिवे आणि आपले ऊन

उजेडाचा उपचार म्हणून काय उपयोग होतो, याचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला व २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा वृद्धगृहांतील १८९ व्यक्ती त्यात होत्या. बहुतेक स्त्रिया, वय सरासरीने पंच्याऐंशीच्या घरात, आणि बहुसंख्य स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. काही गृहांच्या बैठकीच्या दालनात छताला जादा दिवे बसवून दिवसभर सुमारे १,००० लक्स उजेड ठेवण्यात आला. इतरांत नेहमीचा सुमारे ३०० लक्स. लक्स हे उजेड मोजण्याचे एकक होय. सरासरी पंधरा महिने पाठपुरावा केल्यावर असे दिसले की लख्ख उजेडात बसणाऱ्यांची बौद्धिक घसरण किंचित मंदावली, उदासीनता सुमारे एकोणीस टक्क्यांनी कमी राहिली आणि दैनंदिन कामांतील परावलंबित्व वाढण्याचा वेग निम्म्याने कमी झाला. बौद्धिक लाभ लहान होता, हे संशोधकांनी लपविले नाही. कंपवाताच्या ३१ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, दिवसातून दोनदा तासभर प्रखर दिव्यासमोर बसविल्याने दोन आठवड्यांत दिवसाची गुंगी कमी झाली व रात्रीची झोप सुधारली.

आता हे आकडे आपल्या घराशी ताडून पाहू. दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. सकाळी झाडाच्या किंवा ओसरीच्या मोकळ्या सावलीत बसले तरी कित्येक हजार लक्स सहज मिळतात. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत शंभर ते तीनशे. आणि जुन्या घराच्या माजघरात, जेथे आजारी माणसाची खाट टाकण्याची आपली रीत आहे, तेथे भर दिवसाही अनेकदा पन्नास लक्स भरत नाही. नेदरलँड्समध्ये हिवाळ्याचा दिवस पावणेआठ तासांचा असतो, म्हणून तेथे छताला दिवे लावावे लागले. भिगवणला वर्षातील सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये सहाच्या आसपास. ज्या उपचारासाठी परदेशात यंत्रणा उभारावी लागली, तो येथे उंबरठ्याबाहेर आहे आणि रुग्ण मात्र उंबरठ्याच्या आत आहे, हे मोठे खेदाचे होय. रुग्णाला आत ठेवण्यामागे दुष्टावा नसतो. वाऱ्याची झुळूक लागू नये, चारचौघांत हसे होऊ नये, तो रस्त्यावर भटकू नये, अशीच भावना असते. पण तिचा परिणाम असा होतो की त्याचा दिवस अंधारात जातो.

याच्या उलट त्याची रात्र उजेडात जाते. आजारी माणूस पडेल या भीतीने खोलीतील पांढरा दिवा रात्रभर जळत असतो, समोर दूरदर्शन संच चालू असतो, खिडकीतून रस्त्यावरचा दिवा येतो. २०१५ नंतर देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसविण्यात आले. विजेची बचत झाली, आयाबहिणींना रात्रीचे जाणेयेणे सुरक्षित झाले. हे दिवे नकोत असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांच्या पांढऱ्या प्रकाशात पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा निळा अंश अधिक असतो, त्यामुळे तो थेट खाटेवर पडत असेल तर खिडकीला जाड पडदा हवा. बाहेरील रात्रीचा उजेड जेथे अधिक तेथे अल्झायमरचे रुग्णही अधिक, असा संबंध अमेरिकेतील जिल्हावार आकडेवारीत २०२४ साली आढळला आहे. तो केवळ आकड्यांचा संबंध आहे. कारण म्हणून त्याकडे बोट दाखविता येत नाही.

घरच्या घरी

तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२२ मध्ये निरोगी प्रौढांसाठी जे प्रमाण सुचविले त्याचा साधा आशय असा: दिवसा डोळ्यांना भरपूर उजेड, झोपेच्या तीन तास आधीपासून मंद उजेड, आणि झोपेत शक्य तितका पूर्ण अंधार. रुग्णाच्या घरी याचा अवलंब करताना सकाळी उजाडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास सर्वांत मोलाचा. खाट किंवा खुर्ची अंगणात, ओसरीवर, निदान उघड्या दाराशी पूर्वेकडे तोंड करून ठेवावी. चहा तेथेच द्यावा, दाढी तेथेच करावी, शेंगा निवडण्यासारखे हातचे हलके काम तेथेच द्यावे. सूर्याकडे टक लावून पाहावयाचे नाही. मोकळ्या आकाशाचा उजेड डोळ्यांत शिरला म्हणजे पुरे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नऊच्या आत सावलीत यावे आणि पाणी पाजीत राहावे. कंपवाताच्या रुग्णाला खाटेवरून एकदम उभे करू नये. रक्तदाब उतरून त्याला घेरी येऊ शकते. काही औषधांमुळे त्वचेला ऊन सोसत नाही, तेव्हा एकदा डॉक्टरांना विचारलेले बरे.

दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ देऊ नये. हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, कारण दुपारी रुग्ण झोपला तरच घरातील बाईला पाठ टेकायला मिळते. चारनंतर चहा टाळावा. दिवेलागणीला, जेव्हा अस्वस्थता वाढते, तेव्हा घरात अर्धवट अंधार ठेवू नये. सावल्या लांबल्या की रुग्णाला भास होतात. त्या वेळी सगळे दिवे लावून त्याच्याजवळ ओळखीचा माणूस बसवावा, आणि ‘गुरं बांधायची राहिली’ म्हणाले तर वाद न घालता ‘बांधली हो’ म्हणून विषय बदलावा. जेवणानंतर मात्र दिवे उतरवीत न्यावेत. रात्री शौचालयाच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद, पिवळा किंवा तांबडा दिवा ठेवला की पडण्याची भीतीही राहत नाही आणि घड्याळालाही धक्का लागत नाही.

मोतीबिंदूकडे दुर्लक्ष करू नये, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. ‘आता या वयात शस्त्रक्रिया कशाला’ असे म्हणून अनेक कुटुंबे ती टाळतात. अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक वृद्धांच्या पाहणीत, मोतीबिंदू काढलेल्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनेच हे घडले असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नसले, तरी दृष्टी परत येते एवढा लाभ तर निश्चितच आहे. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असून शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, काठी, चाकांची खुर्ची यांसारख्या साधनांसाठी तीन हजार रुपयांचे साहाय्य आहे. आजीला अंगणात नेण्यासाठी चाकांची खुर्ची लागत असेल, तर या योजनेची चौकशी अवश्य करावी.

झोपेच्या गोळ्यांविषयी दोन शब्द. जागरणाने टेकीस आलेली मुले औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणतात. नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांनी अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. मेलॅटोनिनही निरुपद्रवी समजून देऊ नये. वर सांगितलेल्या डच प्रयोगात, उजेडाची जोड नसताना ते दिलेल्या व्यक्ती अधिक उदास व एकलकोंड्या झाल्या होत्या.

रात्रपाळी आणि दारे धरणे

या भागाचे एक वैशिष्ट्य असे की येथे निरोगी माणसांचीही रात्र पुष्कळदा जागेपणी जाते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की तीन पाळ्यांत यंत्रे चालतात आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर पहाटे तीन-चारलाच चुली पेटतात. शेतीपंपांना चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री वीज मिळत आल्यामुळे थंडीत, विंचूकाट्याचे भय सोसून उसाला दारे धरण्याचे काम शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी केले. रात्री जागून दिवसा झोपणाऱ्याचे अंतर्गत घड्याळ आणि बाहेरचा सूर्य यांची फारकत होते, एवढे निश्चित आहे. त्यातून पुढे मेंदूचे विकार होतात काय, याविषयीचे पुरावे अजून अपुरे आहेत. दिवसा वीज देण्याच्या उद्देशाने राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. या योजनेचे मोजमाप मेगावॅटमध्ये होते. शेतकऱ्याला परत मिळालेल्या झोपेच्या तासांतही ते एकदा कोणी करून पाहावे.

गोव्यातील एक धडा

मोठे रुग्णालय जवळ नसताना अशा कुटुंबांना मदत कशी पोहोचवावी, याचे उत्तर शेजारच्या गोव्यात शोधले गेले. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बारावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन घरोघर पाठविण्यात आले. त्यांनी आजार समजावून सांगितला, रुग्णाशी कसे वागावे ते दाखविले, गरज असेल तेथे डॉक्टरांकडे नेले. सहा महिन्यांनी सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारलेले आढळले. आपल्या आशा कार्यकर्त्या ज्या घरांत रोज जातात, तेथे सकाळच्या उन्हाचा आणि रात्रीच्या अंधाराचा हा विषय निघणे मुळीच अवघड नाही.

प्रत्येक गोंधळ हा स्मृतिभ्रंश नसतो, हेही ध्यानात ठेवावे. दोन-तीन दिवसांत अचानक आलेले भ्रमिष्टपण बहुधा लघवीतील जंतुसंसर्ग, क्षारांची कमतरता किंवा औषधांचा परिणाम असतो आणि त्यासाठी तातडीने डॉक्टर गाठले पाहिजेत. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व थायरॉइडचे विकार साध्या रक्ततपासणीत कळतात आणि बरे होतात. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात ससून रुग्णालय आहे. कंपवाताच्या रुग्णांसाठी पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ ही स्वयंसेवी संस्था काम करते. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी १४५६७ हे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी शाळेच्या एखाद्या वहीत पंधरा दिवस नोंद ठेवावी: रुग्ण किती वाजता उठला, दिवसा केव्हा व किती झोपला, किती वेळ बाहेर उजेडात बसला, सायंकाळी त्रास केव्हा सुरू झाला, रात्री किती वेळा उठला. पाचवी-सहावीतला नातूही हे लिहू शकेल. तपासणीच्या पाच मिनिटांत घाईघाईने सांगितलेल्या हकिकतीपेक्षा अशी दोन पाने डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतात.